अकरा वाजताचा समुद्र

समुद्र माणसामाणसांत भेद करत नाही. डोळस असो वा दृष्टिहीन, तो सर्वांना सारख्याच मायेने कवेत घेतो.

हे वाक्य माझं नाही. आमच्या सहलीच्या प्रमुख पाहुण्यांचं आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर, मांडवात, माइकवरून त्यांनी ते उच्चारलं तेव्हा समुद्र इतका लांब गेला होता की त्याला भेद करायचा असता तरी आम्ही त्याच्या हाती लागलो नसतो. पाहुण्यांची पाठ समुद्राकडे होती, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. आमची तोंडं समुद्राकडे होती, पण आम्हाला दिसत नाही.

आम्ही म्हणजे डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली पूर्ण किंवा अर्धवट न दिसणारी माणसं. एका सेवाभावी क्लबने आम्हाला एकत्र आणलं आहे. महिन्यातून एकदा स्टेशनजवळच्या हॉलमध्ये जमतो, गाणी म्हणतो, चहा पितो, एकमेकांच्या औषधांची चौकशी करतो. वर्षातून एकदा सहल असते. पहिल्या वर्षी आम्हाला एका बागेत नेलं. फुलांना हात लावू नये अशी पाटी तिथे होती, आणि ती क्लबच्या लोकांनी आम्हाला प्रामाणिकपणे वाचून दाखवली. नंतर एकदा वस्तुसंग्रहालयात नेलं. सगळ्या वस्तू काचेच्या आत होत्या. आम्ही काचेला हात लावून आलो. काच चांगली होती.

हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. घरात बसून बसून माणसाला स्वतःच्या आवाजाचा कंटाळा येतो, आणि बसमध्ये खिडकीशी बसून वारा खायला मिळाला तरी सहल वसूल होते. सेक्रेटरी मनाने चांगला माणूस आहे. त्याचा चिकूचा धंदा आहे, आवाज मोठा आहे आणि आम्हाला दिसत नाही म्हणजे ऐकूही कमी येत असणार अशी त्याची समजूत आहे. एवढंच.

समुद्राची मागणी मावशीची होती.

मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई. जन्म आणि संसार डहाणूजवळच्या मच्छीमार वस्तीत. नवरा बोटीवर जायचा, ही किनाऱ्यावर पाटी घेऊन उभी राहायची, मासळी वाटून घ्यायची, उरलेले बोंबील सुकवायची, बाजारात बसायची. नवरा गेला. मग साखरेने डोळे गेले. मग लेकीने तिला तलासरीकडे आपल्या घरी नेलं. अच्छाडला, तपासणी नाक्याजवळ, लेक-जावयाचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे आणि मागच्या दोन खोल्यांत राहणं. मावशी म्हणायची, "रात्रंदिवस गाड्यांचा आवाज. पहिल्या दिवशी मला वाटलं, दर्याच आहे. सकाळी उठून बघते तर डिझेलचा वास."

दिसत नसतानाही ती 'बघते' म्हणायची. आम्ही सगळेच म्हणतो.

माझ्याशी तिची गट्टी जमली ती भांडणातून. मी तालुक्याच्या वाचनालयात नोकरी केली, काचबिंदूने नजर जाईपर्यंत केली. मी कधीही मास्तर नव्हतो, पण जो पुस्तकांना हात लावतो तो मास्तर, अशी तिची व्याख्या. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "मास्तर, तुम्ही मसोलीला राहता ना? मग दर्या किती लांब तुम्हाला?"

"रिक्षाने गेलं तर काहीच नाही."

"जाता का रोज?"

"नाही."

"मग कशाला राहता तिथं?" ती म्हणाली, आणि पुढचा चहा होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिला समुद्र नुसता हवा नव्हता. हे समजून घ्यायला मला बरेच महिने लागले. तिला हवं होतं ते असं: किनाऱ्यावर कोरड्या वाळूत उभं राहायचं, अनवाणी, आणि पाण्याला यायला द्यायचं. आधी बोटांना लागणार, मागे जाणार, मग टाचेखालची वाळू ओढून नेणार, मग घोट्यापर्यंत चढणार. भरतीबरोबर बोटी आत यायच्या, आणि बायका पाट्या घेऊन अशाच उभ्या असायच्या. पाणी घोट्याच्या वर चढलं की बोटी आल्याच समजायच्या. "नजर कशाला लागते त्याला," ती म्हणायची. "तेव्हा तरी कोण बघत होतं? आम्ही गप्पा मारायचो. पायाला कळायचं." आता बोट कोणाचीच यायची नव्हती. तिला फक्त पायाला कळायला हवं होतं.

तलासरीहून डहाणू काही विलायतेत नाही, मग कोणी तिला घेऊन का जात नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडला होता. उत्तर असं की जवळच्या ठिकाणी नेण्यासाठी कोणी सुट्टी घेत नाही. समुद्र गोव्याला असता तर जावयाने गाडी केली असती. डहाणूला काय, कधीही जाता येईल, म्हणून कधीच जाणं झालं नाही. तिच्या जुन्या वस्तीत आता दिराची मुलं आहेत, आणि घरापुढे लाटांपासून संरक्षण म्हणून दगडांचा बंधारा घातला आहे. ती एकदा लग्नाला गेली होती. पाणी दगडावर आपटताना ऐकलं आणि मांडवात परत येऊन बसली. "माझ्या दारात यायचा तो," ती म्हणाली. "आता त्याला बाहेरच्या बाहेर हाकलतात."

तर या वर्षी सहल कुठे, असं सेक्रेटरीने हॉलमध्ये विचारलं तेव्हा मावशी उभी राहिली. "दर्या."

सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, पाण्याची जबाबदारी कोण घेणार?"

"पाणी काय तुझ्या गळ्यात पडणार आहे? कडेला उभं राहायचंय."

"पण डहाणूवाल्यांना डहाणूलाच न्यायचं? सहल वाटायला पाहिजे ना!"

"तू ने तर. वाटायचं आम्ही बघतो."

सगळे हसले, टाळ्या पडल्या आणि ठराव झाला. मग सेक्रेटरीने मोठ्या मनाने जाहीर केलं की दिवस आणि वेळ मावशी ठरवतील, कारण या विषयातल्या तज्ज्ञ त्याच. भरती-ओहोटीच्या वेळा मोबाईलमध्ये मिळतात. पण एकदा तज्ज्ञ नेमला की मोबाईल बघायचा नसतो, असा आपल्याकडे संकेत आहे. मीही बघितला नाही. मावशीला समुद्राची वेळ तपासून सांगणं म्हणजे तिला तिच्या नवऱ्याचं नाव विचारण्यासारखं वाटलं.

चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. "मास्तर, सांग त्याला. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. अकरा वाजता पोचायचं. उशीर नको. अकराला पाणी वर निघतं, बारापर्यंत किनाऱ्याच्या पायऱ्यांना लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अमावस्या आहे. ते सांगू नको. अमावस्येला सहल म्हटलं की बाजारातले लोक बिचकतात. पण पाणी अमावस्येलाच मोठं."

मी तिथी पाळत नाही, त्यामुळे मला शंका यायचं कारण नव्हतं. मी रविवार आणि अकरा एवढंच पुढे कळवलं. मधल्या दिवसांत तिचे फोन वाढले. लुगडं कुठलं नेसू, गुडघ्याला बांधायचं की नको, चपला बसमध्येच ठेवल्या तर हरवतील का. एकदा नुसताच फोन केला आणि म्हणाली, "काही नाही. झोप येईना."

त्या रविवारी बस वेळेवर निघाली, यातच काहीतरी चुकतंय हे मला कळायला हवं होतं. आम्हाला टोप्या दिल्या, त्या पिवळ्या होत्या असं समजलं. छातीवर बिल्ले लावले. प्रत्येक दोघांमागे एक स्वयंसेवक होता आणि त्याच्या बिल्ल्यावर 'डोळस मित्र' असं लिहिलेलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं, नाहीतर मला तो कोणता मित्र आहे हे कळलं नसतं. मांडवात बॅनर होता. आमच्यापैकी कोणालाही वाचता न येणारा तो बॅनर दोनदा सरळ करून घेतला, कारण फोटोत तिरका येत होता.

मावशी माझ्या शेजारी होती. बसमधून उतरताच तिने मान वर करून वास घेतला. मी म्हटलं, "काय मावशी, आला ना तुमचा?"

"वारा मोठा आहे," ती म्हणाली. "आवाज मागे पडत असेल."

दीपप्रज्वलन झालं. म्हणजे होत राहिलं. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात समई पेटेना. काडी ओढल्याचा आवाज येई, मग "अरेरे", मग पुन्हा काडी. न दिसणाऱ्यांपुढे न लागणारा दिवा लावण्याचा तो कार्यक्रम बराच रंगला. शेवटी "प्रज्वलित झाला असं समजूया" असं निवेदकाने जाहीर केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला समजण्याची सवय आहे.

मग पाहुण्यांचं भाषण, समुद्राची माया, कवेत घेणं. ते "खरे अंध तर आम्ही आहोत" या वाक्यापर्यंत आले होते. हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं आणि आम्ही कधीही त्याचा प्रतिवाद करत नाही. तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं.

"मास्तर, दर्या नाहीय."

"नाहीय म्हणजे?"

"गेलाय. ओहोटी आहे. चिखलाचा वास येतोय बघ. सुकं पडलंय सगळं."

मीही कान दिले. खरोखरच खूप लांब, शेजारच्या घरात कोणी कपडे झटकावेत तसा आवाज येत होता. डहाणूचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी पार क्षितिजाकडे जाऊन बसतं. नोकरीच्या काळात वाचनालय बंद करून मी इथेच पायऱ्यांवर यायचो, म्हणून मला ते ठाऊक आहे. यायचो आणि पुस्तक उघडून वाचत बसायचो. समोर समुद्र, होड्यांवरची निशाणं, पाण्यावरून जाणारा शेवटचा उजेड, आणि मी मान खाली घालून कुठल्यातरी परक्या देशातल्या समुद्राचं वर्णन वाचतोय. समोरचा काय, रोजचाच होता. आता ते वर्णन जवळपास पाठ आहे आणि डहाणूची संध्याकाळ आठवायला बसलो की पुस्तकाचं पानच आठवतं.

"वेळ चुकली असेल," मी म्हटलं. "थोडं थांबू."

"वेळ नाही चुकत माझी." भाषण संपलं, आभार झाले. ती बोटांची पेरं मोजत होती, मला तिचा हात लागत होता म्हणून कळलं. शेवटी म्हणाली, "लेकीला फोन लाव."

माझ्या मोबाईलमधली बाई नंबर वाचून दाखवते. ती तिच्या संथ लयीत अंक वाचू लागली तेव्हा मावशी म्हणाली, "हिला म्हणावं आटप, पाणी नाहीतरी गेलंच आहे." फोन लागला. मागे ट्रकचे हॉर्न आणि तव्यावर काहीतरी टाकल्याचा आवाज.

"काय गं आई? मजा आहे ना?"

"तुझी संकष्टी कधी होती?"

"काय?"

"संकष्टी! तो बुधवार नाही का, सकाळी खिचडी केलेली तू. साबुदाण्याची."

"अगं ती माझी कुठे होती! माझी आधीच्या आठवड्यात झाली, तेव्हा गर्दीत नुसती केळी खाल्ली. एक राजस्थानचा ड्रायव्हर येतो ना, त्याची एकादशी होती. म्हणाला, बहेन, उपवासाचं काही दे. त्याच्यासाठी केली. बाकीच्यांनी पण मागितली, संपली सगळी. आता रोज ठेवायचं म्हणतेय. का गं?"

"काही नाही. गाड्या बघ तू."

इथे थोडं सांगायला हवं. किनाऱ्यावर राहायची तेव्हा मावशीला तिथी कोणाला विचारावी लागली नव्हती, पाणीच सांगायचं. अच्छाडला पाणी नव्हतं, चंद्र असून उपयोग नव्हता, आणि जावयाच्या घरात सारख्या चौकशा करायला तिला संकोच वाटायचा. पण लेक दर महिन्याला संकष्टी करते. त्या दिवशी सकाळी तूप-जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचं कूट यांचा वास मागच्या खोलीत येतो. मावशी त्या वासापासून पुढे बोटांवर दिवस मोजायची. इतकी वर्षं तिचा समुद्र साबुदाण्याच्या खिचडीवर चालला होता आणि एकदाही चुकला नव्हता. या वेळी खिचडी चतुर्थीची नसून एकादशीची निघाली. दोन्हींत आठवड्याचं अंतर. आठवडा तसा काही फार नाही, पण समुद्राच्या बाबतीत आठवडा म्हणजे नेमकं उलटं टोक. जिथे भरती हवी तिथे ओहोटी.

"अमावस्या गेल्या आठवड्यात झाली," ती म्हणाली. "मी घरात बसून होते."

एवढ्यात सेक्रेटरी आला. त्याला आतापर्यंत कोणीतरी समुद्राबद्दल सांगितलं होतं. तो नेहमीसारखा ओरडला नाही, हे मला आवर्जून नोंदवलं पाहिजे. "मावशी, काही हरकत नाही. आपण पाण्याकडे जाऊ. दोरी आहे, मुलं आहेत, सगळे हात धरून जाऊ."

आणि बाकीचे गेले. दोरी धरून, गाणी म्हणत, चिखलात पाय रुतवत. त्यांच्या किंकाळ्या लांबून ऐकू येत होत्या. घोलवडची एक बाई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उभी राहिली आणि परत आल्यावर तासभर तेच सांगत होती. ती सहल उत्तम झाली. हे मी उपरोधाने म्हणत नाही.

मावशी उठली नाही. "मी नाही जात."

"अहो, पण तुमच्यासाठीच तर..." सेक्रेटरी म्हणाला.

"मी चालत जाऊन भेटायला काय पाहुणी आहे? तो येतो. आपण उभं राहायचं असतं."

"मग थांबू ना संध्याकाळपर्यंत! बसवाल्याशी बोलतो मी."

"नको रे बाबा. आज भांग आहे." मग त्याला कळलं नाही म्हणून तिने शांतपणे समजावलं. अमावस्या-पौर्णिमेला पाण्याला जोर असतो, मधल्या दिवसांत नसतो, त्या मंद पाण्याला भांग म्हणतात. "आज भरती आली तरी अर्ध्यातून परत जाईल. इथवर नाही यायचं ते. तुझा काही दोष नाही. मीच वार चुकले."

जेवणं झाली. पुरी-भाजी, मठ्ठा, एकेक चिकू. मावशीने पानात हात फिरवला आणि बाजूला ठेवलं. मी तिच्याजवळ बसून होतो. दुपार चढत गेली. माइकवर कोणीतरी जुनी गाणी म्हणत होतं.

सेक्रेटरी मधेच दिसेनासा झाला होता. म्हणजे त्याचा आवाज येईनासा झाला, आमच्यासाठी ते एकच. बऱ्याच वेळाने धापा टाकत कोणीतरी आमच्यासमोर आलं आणि जड बादली वाळूत टेकल्याचा आवाज आला. "मावशी," तो म्हणाला, "आणलाय." त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली आहे आणि एक बूट तिकडेच राहिला आहे, हे मला शेजारच्या डोळस मित्राने हळूच सांगितलं.

मावशीने चाचपून बादलीची कड धरली, साडी वर घेतली आणि आधी एक पाय, मग दुसरा आत घातला. बादलीत दोन पाय जेमतेम मावत होते. मांडवातलं गाणं थांबलं. कोणीतरी फोटो काढत असावं, कारण "जरा इकडे बघा" असं ऐकू आलं आणि लगेच सेक्रेटरी कोणावर तरी खेकसला, "बंद कर रे ते."

तिने पाण्यात बोटं हलवली. मग हात बुडवून वास घेतला.

"मठ्ठ्याची बादली होती काय रे ही?"

"धुतली होती मावशी! दोनदा धुतली!"

"हो, हो. लागतोय धुतल्याचा वास पण." ती हसली, मग सगळेच हसले. सेक्रेटरी सगळ्यात जोरात हसला, सुटल्यासारखा. गाणं पुन्हा सुरू झालं आणि लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं. ती तशीच उभी होती, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, तोंड लांबच्या त्या कपडे झटकल्यासारख्या आवाजाकडे करून. बऱ्याच वेळाने, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "चढत नाही पण, मास्तर."

बसचा हॉर्न वाजेपर्यंत ती बादलीतून बाहेर आली नाही.

आता तिचे फोन येतात ते तिथी विचारायला. अच्छाडच्या हॉटेलात खिचडी रोज होते, चांगली खपते, त्यामुळे वासावरून काही कळायची सोय उरली नाही. "मास्तर, आज काय?" ती विचारते. मी मोबाईलमधल्या बाईला विचारतो, ती तिथी सांगते, मी मावशीला सांगतो. मग पलीकडे थोडा वेळ फक्त ट्रक ऐकू येतात आणि ती म्हणते, "म्हणजे आत्ता पायऱ्यांना लागलं असेल." मी मसोलीत माझ्या खुर्चीवर असतो. रिक्षाने गेलं तर काहीच लांब नाही. मी म्हणतो, "हो, लागलं असेल."

मागच्या बैठकीत पुढच्या सहलीचा विषय निघाला. मावशीने पुन्हा समुद्र म्हटलं आणि मी अनुमोदन दिलं. या वेळी तारीख मोबाईलवरून काढू, हेही सांगितलं. सेक्रेटरीने सगळं मनापासून ऐकून घेतलं, मावशीची पुन्हा निराशा होता कामा नये असं तो कळकळीने म्हणाला, आणि समितीने एकमताने धरण ठरवलं. तिथलं पाणी जागेवर असतं.